कार्बन फायबरचा टप बसवायचा तर

आधी वजनाचा हिशोब. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीच्या टपाचा पत्रा साधारण दीड चौरस मीटर भरतो आणि त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. पोलादाची घनता ७.८५ धरली तर हा पत्रा पावणेनऊ किलोच्या आसपास जातो. तोच टप कार्बनचा, दोन मिमी जाडीचा आणि १.५५ घनतेचा केला तर साडेचार-पावणेपाच किलो होतो. हातात पडतात चार किलो. बीएमडब्ल्यूने २००३ साली ई४६ एम३ सीएसएलला कार्बनचा टप दिला. पुढे ई९२ एम३ कूपेला, सनरूफ मागितलं नसेल तर, तो सरसकट आला. तिथली बचतही पाच-सात किलोच्या घरातलीच आहे. त्यामुळे कोणी वीस किलो कमी झाल्याचं सांगत असेल तर आधी विचारायचं, सनरूफ होतं का?

कारण खरा फरक तिथे पडतो. सनरूफची काच, चौकट, रूळ, मोटर आणि पाणी निचऱ्याच्या नळ्या मिळून सहज वीस किलो होतात, आणि तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी. पंधराशे किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आणि टप १३५ सेंटिमीटरवर धरला, तर चार किलो काढल्याने गुरुत्वमध्य सव्वादोन मिमी खाली येतो. सनरूफसकट चोवीस किलो काढले तर जवळजवळ चौदा मिमी. सव्वादोन मिमी कुणालाही जाणवत नाहीत. चौदा मिमी मात्र वळणात गाडी कलते तेव्हा कळतात. माझं मत सरळ आहे: सनरूफ नसलेल्या रस्त्यावरच्या गाडीचा चांगला, सरळ, कंपनीने वेल्ड केलेला टप केवळ चार किलोंसाठी कापू नये. तेवढे किलो सीट आणि बॅटरी बदलून कितीतरी कमी त्रासात निघतात.

पोलादी टपावरच कार्बनचा पातळ पापुद्रा चिकटवायचा प्रकार मिळतो, तो तर उलट दीड-दोन किलो वर चढवतो. नुसतं दिसण्यासाठी हवं असेल तर कार्बनच्या विणीची छपाई असलेलं रॅप लावावं, नको झालं की सोलून काढता येतं.

टप घेताना काय बघायचं

विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही, तापमानाचा. नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकवलेलं एपॉक्सी रेझिन ५० ते ७० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. काळा टप कडक उन्हात ८० अंशांपर्यंत सहज जातो. म्हणजे असा टप उन्हात उभा राहिला की रेझिन ढिलं होतं, वीण पृष्ठभागावर उमटते आणि महिन्याभरात आरशासारखा दिसणारा टप पाण्यावर वारा फिरल्यासारखा लहरी दिसतो. १२० अंशांना भट्टीत शिजवलेल्या प्रीप्रेगला, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कापडाला, ही अडचण येत नाही. ज्याला बाजारात 'ड्राय कार्बन' म्हणतात ते हेच. इन्फ्यूजनने, म्हणजे कोरड्या कापडात व्हॅक्यूमने रेझिन ओढून, केलेला टपही चालतो, पण तो नंतर भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवून पक्का केलेला हवा. 'किती अंशांना आणि किती वेळ तापवला' याचं नेमकं उत्तर मिळत नसेल तर तो टप घेऊ नये.

दुसरी गोष्ट कडकपणाची. ताशी २०० किलोमीटरला टपावरून जाणारी हवा टप वर ओढते. त्या वेगाला हवेचा दाब सुमारे १८५० पास्कल असतो. त्याच्या निम्मं शोषण सरासरी धरलं तरी दीड चौरस मीटरवर जवळजवळ १४०० न्यूटन होतात, म्हणजे १४० किलोचा भार उलटा, वरच्या दिशेने. दीड मिमीचा एकेरी थर एवढ्याला फुगतो आणि वेग कमी झाला की तेलाच्या डब्याच्या तळासारखा 'टक' करून परत बसतो. म्हणून चांगल्या टपात मधल्या भागाला दोन थरांमध्ये तीन ते पाच मिमी फोम किंवा जाळीदार गाभा असतो. कडेला, जिथे टप गाडीला चिकटतो, तिथे मात्र गाभा नसावा. तिथे भरीव थरच हवेत.

टप हातात आल्यावर नाण्याने हलके टिचक्या मारत पूर्ण पृष्ठभाग ऐकायचा. आवाज खणखणीत हवा. गाभा असलेल्या भागाचा सूर वेगळा येतो, पण तो त्या सगळ्या भागात एकसारखा यायला हवा. एखाद्याच जागी बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेले आहेत. मग उलटा करून कडेच्या पट्टीची जाडी चार बाजूंना व्हर्नियरने मोजायची. खालच्या बाजूला रेझिन साचून एका कोपऱ्यात दोन आणि दुसऱ्यात साडेतीन मिमी अशी जाडी सर्रास सापडते. ती आत्ताच घासून सारखी करायची, नाहीतर तोच कोपरा पुढे काचेपाशी वर आलेला दिसतो. वीण मधल्या रेषेशी समांतर आहे का, हे टपाच्या मधोमध दोरी ताणून बघावं. दोन अंशांचा तिरकेपणाही लांबून डोळ्यात भरतो, आणि त्यावर उपाय काहीच नाही.

पट्टीच्या खालच्या बाजूला काचतंतूच्या पातळ कापडाचा एक थर आहे की नाही, हेही बघायचं. कार्बन विजेचा वाहक आहे आणि गॅल्व्हानिक क्रमात, म्हणजे दोन वाहक टेकले तर कोणता गंजेल त्या यादीत, पोलादाच्या बराच वर बसतो. दोघांच्या मध्ये ओल आली की कार्बनला काही होत नाही, पोलाद मात्र झपाट्याने गंजतं. ॲल्युमिनियमची गत त्याहून वाईट. काचतंतूचा थर नसेल तर १०० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड एपॉक्सीने स्वतः लावून घ्यावं. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

कापण्यापूर्वी

ज्या मॉडेलला कंपनीच कार्बनचा टप देते, तिथे सनरूफवाल्या आणि बिनसनरूफवाल्या गाडीचा टपाखालचा सांगाडा अनेकदा वेगळा असतो. सनरूफच्या गाडीत मधल्या आडव्या पट्ट्याच नसतात, त्यांच्या जागी सनरूफची चौकट असते. म्हणजे नुसता टप आणून भागत नाही. आडव्या पट्ट्या, त्यांचे कंस आणि बिनसनरूफचं आतलं अस्तर हेही लागतं. भागांची यादी टप मागवतानाच पक्की करावी, टप कापून झाल्यावर नाही.

गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी. दोन खांबी लिफ्टवर टांगून हे काम करू नये. लिफ्टवर गाडीची दोन्ही टोकं खाली लोंबतात, आणि टप काढल्यावर सांगाडा त्याच वाकलेल्या अवस्थेत नव्या टपाने पक्का होतो. मग गाडी खाली उतरवली की दारं लागत नाहीत. दारं बंद ठेवून प्रत्येक फट फीलर गेजने मोजून मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहून ठेवावी. टपाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. नवा टप बसवायच्या आधी हेच आकडे परत यायला हवेत, फार तर एक मिमीचा फरक चालेल.

पडदा-एअरबॅग टपाच्या कडेच्या पोकळ पट्टीत असतात. बॅटरीची ऋण तार काढायची, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं आणि मगच त्या सोडवायच्या. काढलेल्या एअरबॅग वेगळ्या खोलीत ठेवाव्यात. त्या जोडून होईपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही.

आता क्रम. पुढची आणि मागची काच आधी काढायची आणि आतलं अस्तर पुढच्या काचेच्या मोकळ्या जागेतून बाहेर घ्यायचं. दारातून काढायला गेलं तर ते दुमडतं, आणि एकदा पडलेली घडी जात नाही. काच काढताना ती चिकटवणाऱ्या जुन्या पॉलियुरेथेनचा एक-दोन मिमी थर खालच्या पट्टीवर राहू द्यावा. ताज्या कापलेल्या जुन्या थरावर नवं पॉलियुरेथेन उघड्या पेंटपेक्षा चांगलं धरतं. अपवाद एकच, टपाची पुढची-मागची कड, कारण ती तर पत्र्याबरोबर जाणारच आहे.

जुना पत्रा

सगळ्या कामातला सर्वांत किचकट भाग हाच आणि नेमकी इथेच घाई होते.

टपाच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीतली रबर पट्टी काढली की खाली सीलंट दिसतं. ते तारेच्या ब्रशने आणि हलक्या गरम हवेने साफ केल्यावर वेल्डचे खोलगट टिपके दिसू लागतात. दिसत नसतील तर ८० नंबरच्या पेपरचा ठोकळा एकदा फिरवायचा. आजूबाजूचा पत्रा चकाकतो आणि खोलगट टिपक्यात पेंट तसाच राहतो. टिपके साधारण पन्नास मिमी अंतरावर असतात आणि घेर पाच मीटरचा, म्हणजे शंभरच्या आसपास टिपके काढायचे आहेत. काही गाड्यांत पन्हाळच नसते. टप आणि बाजूचा पत्रा पितळी रंगाच्या सलग रेषेने लेझर ब्रेझ केलेला असतो. अशा गाडीसाठी खास बनवलेला संच मिळत नसेल तर हा नाद सोडून द्यावा.

टिपक्यांना हात लावायच्या आधी टपाचा मधला भाग कापून टाकायचा. कडेपासून चाळीस-पन्नास मिमी आत एअर सॉने चौफेर काप घ्यायचा. करवतीचं पातं पत्र्याखाली दहा मिमीपेक्षा जास्त जाऊ नये, कारण खाली आडव्या पट्ट्या आहेत आणि त्या तशाच राहणार आहेत. पट्ट्यांना पत्रा मऊ मॅस्टिकच्या गोळ्यांनी चिकटलेला असतो, तो पातळ तारेने कापला जातो. मधला भाग निघून गेला की उरलेली कड हाताने हलवता येते आणि कोणता टिपका अजून धरून आहे ते लगेच कळतं.

टिपक्यांसाठी सपाट टोकाचं आठ मिमी कोबाल्ट ड्रिल आणि त्याला खोलीचा अडथळा एक मिमीवर. वरचा पत्रा फक्त पाऊण मिमी आहे, तेवढाच कापायचा. ड्रिल मधोमध धरून सावकाश दाबत गेलं की आधी चमकदार चुरा येतो. मग भोकाच्या कडेचा पत्रा कागदासारखा पातळ होतो, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या प्रायमरचा राखाडी गोल दिसला की थांबायचं. तो गोल पूर्ण दिसत नसेल तर ड्रिल तिरकं धरलेलं आहे. मग पातळ छिन्नी दोन पत्र्यांच्या मध्ये सरकवून हलकी ठोक. सुटत नसेल तर जोरात ठोकायचं नाही, परत ड्रिल लावायचं. जोर केला की खालची पट्टी फाटते किंवा वर वळते, आणि ती सरळ करताना नाकी नऊ येतात. खांबांजवळ खाली बोरॉनचं कडक पोलाद असतं, तिथे ड्रिल पटकन बोथट होतं. तीन-चार ड्रिल जास्तीची ठेवावीत. अगदी अडलं तर दहा मिमी रुंदीचा बेल्ट सँडर घेऊन वरचा पत्रा घासून काढावा.

खालच्या पट्टीत चुकून आरपार भोक पडलंच, तर मागून तांब्याचा तुकडा धरून मिग वेल्डिंगने भरायचं आणि सपाट घासायचं. वेल्डिंगचं हे काम आत्ताच उरकावं. टप चिकटल्यावर त्याच्या आसपास वेल्डिंगचा ताव चालत नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या दाराच्या काचांवर पडल्या तर काचेत रुततात आणि पुसून निघत नाहीत. सगळ्या काचा वेल्डिंगच्या कापडाने झाकाव्यात. गाडीच्या आतही तेच.

आता पट्टी सपाट आहे का ते सरळ पट्टी लावून बघायचं. वेल्डचे उंचवटे पूर्ण घासायचे, खड्डे हातोडी-ठोकळ्याने वर आणायचे. मग सगळ्या उघड्या धातूला दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर इथे वापरू नये. त्याचा थर भुसभुशीत असतो, आणि चिकटवलेला जोड त्या थरातच सुटतो. पोकळ पट्टीच्या आत ड्रिलचा चुरा पडलेला असतो. तो चुंबकाने आणि व्हॅक्यूमने काढून आत कॅव्हिटी वॅक्स मारायचं, पण ते टप चिकटवून झाल्यावर. वॅक्सचा एक थेंब चिकटवायच्या पट्टीवर आला तर पुढची सगळी तयारी वाया.

कोरडी जुळणी आणि क्लिअर

टप चिकटवण्याआधी निदान तीनदा कोरडा बसवून बघावा. शेवटच्या जुळणीत पट्टीवर तीन मिमी जाडीचे रबरी ठोकळे ठेवायचे. पुढे चिकट्याची जाडी तेवढीच राहणार आहे. बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेची वरची कड टपाच्या पुढच्या पट्टीवरच बसते. पोलादाच्या पाऊण मिमीच्या जागी आता तीन मिमी चिकटा आणि दोन मिमी कार्बन येणार, म्हणजे काच सव्वाचार मिमी वर. चांगल्या टपात ही पट्टी साच्यातच तेवढी खाली घेतलेली असते, वाईटात नसते. म्हणून कोरड्या जुळणीत जुनी काच जागेवर ठेवून बघायचीच.

कडा कापायच्या तर हिऱ्याच्या चकतीने, एका वेळी एक मिमी, आणि कापलेली कड पातळ एपॉक्सीने बंद करायची. धूळ गिळू नये म्हणून एफएफपी३ मास्क आणि नळीला जोडलेला व्हॅक्यूम. ही धूळ विजेची वाहक आहे. ती अँप्लिफायर किंवा कंट्रोल युनिटमध्ये गेली तर नंतर विचित्र बिघाड शोधत बसावं लागतं. कापण्याचं काम गाडीपासून लांब करावं.

क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, मारायचं काम टप बसवण्याआधी केलेलं बरं, कडा चारही बाजूंनी मिळतात. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून अतिनील शोषणारं दोन घटकांचं क्लिअर अनिवार्य आहे. आधी साबणाच्या पाण्याने, मग वॅक्स-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसायचं, आणि त्यानंतरच पेपर. उलटं केलं तर साच्याचं रिलीज वॅक्स पेपर आणखी आत रगडतो आणि क्लिअरमध्ये माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. बारीक छिद्रांत पारदर्शक एपॉक्सी रबरी पट्टीने दाबून भरायचं, सुकलं की ४०० ते ६०० नंबर. घासताना धूळ पांढरी येते तोवर रेझिन निघतंय. ती काळसर झाली की तंतूला हात लागला, तिथेच थांबायचं. क्लिअरचे दोन हात, ८०० नंबरने सपाट, पुन्हा दोन हात. चिकटवायची पट्टी आणि काच बसणारी पट्टी दोन्ही मास्क करून कोऱ्या ठेवायच्या. क्लिअरवर चिकटवलं तर जोडाची ताकद क्लिअरच्या पकडीएवढीच राहते.

चिकटवणं

इथे एपॉक्सी की पॉलियुरेथेन हा वाद हमखास निघतो. आकड्यांनी बघू. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, कार्बनचा असा थर तीन-एक मायक्रॉन. टप १.४ मीटर लांब आणि तापमानातला फरक ६० अंश धरला तर दोघांच्या लांबीत पाऊण मिमीचा फरक पडतो, प्रत्येक टोकाला सुमारे ०.३८ मिमी. एपॉक्सीचा जोड ०.३ मिमी जाडीचा असेल तर त्याला स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकावं लागेल. ते त्याला जमत नाही. मग एकतर जोड कोपऱ्यातून फाटतो किंवा टप कमान धरतो. तीन मिमी जाडीच्या पॉलियुरेथेनला तेच सरकणं तेरा टक्क्यांच्या आत पडतं, आणि रबरासारख्या चिकट्याला ते काहीच नाही. त्याची किंमतही आहे: मऊ जोडातून टप पूर्वीइतकी पीळरोधक ताकद देत नाही. म्हणून मोठ्या मॉड्युलसचं, म्हणजे त्यातल्या त्यात कडक, पॉलियुरेथेन घ्यावं. वेल्ड केलेला रोल केज (गाडीच्या आतला नळ्यांचा पिंजरा) असेल तर तो मुद्दाही उरत नाही.

ताकदीची काळजी नको. पाच मीटर घेर आणि सतरा मिमी रुंदी म्हणजे ८५,००० चौरस मिमी. दर चौरस मिमीला एकच न्यूटन धरला तरी साडेआठ टन होतात, आणि हवा ओढते १४० किलोने. असे टप सुटतात ते चिकटा कमी पडला म्हणून नाही, त्याखालची पृष्ठभागाची तयारी कच्ची राहिली म्हणून. चिकटा विजेचा वाहक नसलेल्या प्रकारातला घ्यावा. काचेसाठीची काही पॉलियुरेथेन कार्बन ब्लॅकमुळे थोडी वीज वाहतात, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

कार्बनची पट्टी १८० ते २४० नंबरने सगळी चमक जाईपर्यंत घासायची, तंतू उघडा पडू द्यायचा नाही. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड, एकाच दिशेने पुसायचं आणि दर हाताला कापडाची नवी घडी. पाण्याचा फवारा मारून बघावा: पाणी सलग पसरलं तर पट्टी स्वच्छ, थेंब जमले तर परत पुसायचं. पूर्ण वाळल्यावर चिकट्याच्याच कंपनीचा प्रायमर दोन्ही बाजूंना लावायचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. या कंपनीचा प्रायमर आणि त्या कंपनीचा चिकटा असा मेळ घालू नये. यानंतर पट्टीला उघडा हात लागता कामा नये.

बंदुकीच्या नळीच्या टोकाला त्रिकोणी खाच: तळ दहा मिमी, उंची बारा. अशी ओळ तीन-साडेतीन मिमीपर्यंत दबली की सतरा ते वीस मिमी पसरते. पाच मीटरला ३०० मिलिलिटर लागतात. ६०० मिलिची एक पिशवी पुरते, पण दुसरी उघडायला तयार हवी. ओळ गाडीच्या पट्टीवर घालायची, टपावर नाही. सुरुवात मागच्या बाजूच्या मध्यावर, शेवटही तिथेच, दोन्ही टोकं एकमेकांत मिसळून. कोपऱ्यात सांधा ठेवला तर गळती तिथूनच. बॅटरीची बंदूक असेल तर पाच-सहा मिनिटांत ओळ होते. हाताच्या बंदुकीने दम लागतो आणि ओळ जाड-बारीक येते. वरचा थर धरायला लागायच्या आत, म्हणजे डब्यावरच्या वेळेच्या निम्म्यात, टप खाली आलेला हवा.

आडव्या पट्ट्यांवर हा चिकटा अजिबात नको. तिथे मऊ मॅस्टिकचे पंचवीस मिमी व्यासाचे गोळे, दर ऐंशी-शंभर मिमीला एक. पट्टीला टप घट्ट चिकटवला की उन्हात बरोबर त्या पट्टीची रेषा वर उमटते. भारी टपावर मधोमध आडवी रेघ दिसली तर कारण शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं.

टप उचलायला चार सक्शन कप, दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं. आधीच्या जुळणीत टप आणि बाजूचा पत्रा दोन्हींवर एकत्र लावून धारदार पात्याने कापलेली मास्किंग टेप हीच खूण. सरळ खाली ठेवायचा. ठेवल्यावर सरकवायचा नाही, सरकवला की ओळ कलंडते. मग तळहाताने कडेकडेने ठोकळ्यांपर्यंत दाबत जायचं. मधोमध दाबू नये, कडा वर येतात आणि चिकट्यात हवेची फट राहते. दोन रुंद पट्टे फोमच्या फळ्यांवरून, खिडक्यांतून घेऊन फक्त धरण्यापुरते ताणायचे. जास्त ताणले तर चिकटा पिळून बाहेर येतो.

एकाच घटकाचं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने सुकतं आणि ओलावा ना कार्बनमधून जातो ना पत्र्यातून, फक्त दोन कडांतून. पहिल्या दिवशी तीन मिमी सुकलं तर साडेआठ मिमी आतपर्यंत पोचायला तिप्पट नाही, आठ दिवस लागतात, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून दोन घटकांचा किंवा बूस्टर मिसळलेला प्रकार घेतलेला बरा. कोणताही असला तरी पहिले दोन दिवस गाडी हलवायची नाही आणि दारं लावताना एक खिडकी उघडी ठेवायची. बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा टप आणि काच दोन्ही वर ढकलते.

उरलेलं

पन्हाळीत पॉलियुरेथेन सीलंट भरून वर रबर पट्टी. नवं अस्तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढची काच बसवायच्या आधीच आत ठेवून द्यायचं. काच लागल्यावर ते आत जात नाही, हे नेमकं काच लागल्यावर लक्षात येतं. टांगायचं मात्र पाण्याची परीक्षा झाल्यावर. परीक्षा कमी दाबाच्या नळीने, खालून वर सरकत, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि गळतीची जागा कळत नाही. आत सांध्याला टाल्कम पावडर लावून ठेवली की पहिला थेंबही रेघ सोडतो.

घासलेल्या कार्बनच्या कडेला मल्टिमीटरचं एक टोक आणि गाडीच्या सांगाड्याला दुसरं लावून बघावं. जोडणी दाखवता कामा नये. दाखवत असेल तर कुठेतरी कार्बन पत्र्याला टेकलेला आहे आणि तिथे गंज सुरू होणार. हे अँटेना जोडण्याआधी करायचं. टपाखाली लपवलेली जीपीएसची अँटेना कार्बनखाली चालत नाही, ती वर किंवा डॅशबोर्डवर न्यावी लागते. टपावरच्या अँटेनाला धातूचा पाया हवा असतो, तो आता उरलेला नाही. आतून काचतंतूच्या थरावर तीस बाय तीस सेंटिमीटरची तांब्याची पट्टी चिकटवून तिची अर्थिंग सांगाड्याला द्यावी. अँटेनाचं भोक पाडताना मागे लाकूड धरावं, नाहीतर आतला थर फुटतो.

आवाज थोडा वाढतो. पावसाचा तर नक्कीच. मधल्या दोन चौकोनांत पातळ डॅम्पिंग शीट पुरते. पूर्ण टप भरला तर वाचवलेले किलो परत वर चढले.

टपाचा पत्रा हा सांगाड्याचा भाग मानला जातो. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी नोंदणी आणि विमा दोन्हीकडे हा बदल कळवावा लागू शकतो, आणि शर्यतीच्या अनेक वर्गांत टपाचा मूळ पदार्थ बदलायला बंदी असते. टप मागवण्याआधी नियमावली वाचावी.

टपावर कॅरिअर लावायचा नाही. पुढे कधी काच बदलायची वेळ आली तर काचवाल्याला आधी सांगावं की टप कार्बनचा आहे. काच कापायची तार पुढच्या कडेवर घासली की कार्बनमध्ये खाच पडते आणि ती नव्या काचेखाली झाकली जाते. वरच्या बाजूला तार आतून बाहेर न ओढता लहान पात्याने कापायला लावावं, आणि नवी काच बसवण्यापूर्वी ती कड एकदा नखाने चाचपून बघावी.